पुरावा ओपीडीचा, पदवी आयसीयूची

ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सिंगमध्ये मास्टर्स किंवा पीएचडी करायची असेल, तर तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एक संदर्भ येण्याची दाट शक्यता आहे. तो म्हणजे मिरांडा लॉरंट आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा कॉक्रेन रिव्ह्यू. काम चांगलं आहे, आणि म्हणूनच ते नीट वाचायला हवं.

प्रश्न साधा आहे: प्राथमिक उपचारांत डॉक्टरऐवजी नर्सने पेशंट तपासला तर काय फरक पडतो? लेखकांनी १८ रँडमाइज्ड ट्रायल्स एकत्र केल्या. त्यांच्या मते पेशंटची तब्येत बहुधा तितकीच किंवा थोडी जास्त सुधारते, समाधान थोडं जास्त असतं, तपासणीला वेळ मात्र जास्त लागतो. खर्चाबद्दल ठाम सांगता येत नाही. हे ‘बहुधा’ सिनॉप्सिसमध्ये उतरवताना गाळू नका. कॉक्रेनमध्ये असे शब्द पुराव्याची खात्री किती आहे ते पाहून वापरतात.

आता तीन गोष्टी तपासू.

पहिली, ठिकाण. १८ पैकी १७ ट्रायल्स श्रीमंत देशांतल्या आहेत, मध्यम उत्पन्नाच्या देशातली एकच.

दुसरी, नर्स कोण? तिचं शिक्षण किती होतं हे बऱ्याच ठिकाणी स्पष्ट नाही, किंवा ते एकसारखं नाही, असं लेखक स्वतःच लिहितात. म्हणजे ‘मास्टर्स केलेली नर्स जास्त चांगलं काम करते’ हे या रिव्ह्यूवरून सिद्ध होत नाही. तुमचा विषयच जर पदवी असेल, तर ही अडचण मोठी आहे.

तिसरी, पाठीशी कोण? अनेक ट्रायल्समध्ये नर्सला अडलं तर डॉक्टरचा सल्ला मिळत होता. धरणगाव तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात तो किती वेळात मिळेल, हे आधी मोजावं लागेल.

आता आपल्याकडे या. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ मध्ये ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आणला. त्यासाठी बीएस्सी नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरची सुरुवात १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी केली, ती लहान मुलांच्या प्राथमिक उपचारांपासून. आपल्याकडचा हा कोर्स मात्र अतिदक्षता विभागासाठी आहे. म्हणून या कोर्सच्या समर्थनार्थ हा रिव्ह्यू जोडला, तर पुरावा ओपीडीचा आणि पदवी आयसीयूची, असं होतं. व्हायव्हात हे कुणीतरी विचारणारच.

हा वाद फक्त संदर्भयादीचा नाही. खान्देशातल्या मुलीने हातची नोकरी सोडून दोन वर्षं द्यायची, तर तिला आधी कळायला हवं की पुढे काय. परिषदेच्या आराखड्यात औषधं देण्याचा अधिकार संस्थेच्या प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डर्सच्या चौकटीत आहे. प्रॅक्टिशनरची पदवी हातात आली म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते, असं नाही. त्यामुळे प्रवेशाआधी दोन प्रश्न विचारा: या नावाचं पद कुठल्या रुग्णालयात मंजूर आहे? आणि तिथला प्रोटोकॉल लेखी आहे का?

मग धरणगावात बसून काय शोधता येईल? उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, पहा. महाराष्ट्रात या पदावर बीएस्सी नर्सिंग झालेले आहेत, तसेच आयुर्वेद पदवीधरही. पद एकच, पार्श्वभूमी दोन. दोघांकडच्या रक्तदाबाच्या पेशंटचा सहा महिन्यांचा फॉलो-अप तुलनेला घेता येईल.

पण इथे रँडमायझेशन नसेल. कोणाला कुठलं गाव मिळालं, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे, गोळ्यांचा साठा नियमित येतो का, यानेही निकाल बदलतील. ही माहिती पहिल्या दिवसापासून गोळा करा, नाहीतर गावांमधला फरक तुम्ही पदवीच्या नावावर लिहून बसाल.

गाईडकडे जाण्याआधी एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा: रिव्ह्यूत काय तपासलं, तुम्ही काय तपासणार, दोन्हींत काय जुळत नाही. तिसऱ्या रकान्यात जे उरेल, त्यातच तुमचा संशोधन-प्रश्न सापडेल.