प्रसूत्युत्तर वेदना आणि मराठी शब्दसंपत्ती

अवघड बाळंतपणानंतर ओटीपोट, जांघा व माकडहाड यांत महिनोन्‌महिने टिकणाऱ्या वेदनेला मराठीत सर्वमान्य असे नाव नाही. ही केवळ कोशातील उणीव नव्हे. ज्या दुखण्याला नाव नाही ते सांगणे कठीण होते, आणि जे सांगितले जात नाही त्यावर उपचारही होत नाहीत.

‘बाळंतीण’ हा शब्द बाळावरून सिद्ध झाला आहे. स्त्रीची ओळख तो अपत्याच्या द्वारे करून देतो. जुना जालना ज्या मराठवाड्यात मोडतो तो प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील बोलीत ‘बाळंतपणा’बरोबर ‘जचकी’ हा शब्दही चालतो. त्याच्या मुळाशी असलेला फारसी शब्द प्रसूत स्त्रीचाच वाचक आहे. व्युत्पत्ती भिन्न असली तरी व्यवहारात दोहोंची मुदत एकच, सव्वा महिन्याची. ती सरली की बाळंतीण पुन्हा घरची सून होते. तिचे दुखणे मात्र अनामिक राहते.

प्राचीन वैद्यकाने या विषयाकडे दुर्लक्ष केले होते असे नाही. प्रसूतीनंतर नाभी, बस्ती व उदर यांत उठणाऱ्या शूळाला सुश्रुतसंहितेत ‘मक्कल्ल’ अशी संज्ञा आहे. परंतु ती तात्कालिक वेदनेची. सूतिकेचा काळ तेथे दीड महिना मानला असून, पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत तो चालतो असे मतान्तरही नोंदले आहे. काश्यपसंहितेने तो सहा महिन्यांपर्यंत नेला. ही सावध दृष्टी रूढीत उतरली नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार जगात दरवर्षी निदान चार कोटी स्त्रियांना प्रसूतिजन्य दीर्घकालीन विकार जडतात. त्यांतील प्रश्न सव्वा महिन्यात मिटणारे नाहीत.

नामाची उणीव बोलीने ‘अंग’ या एकाच शब्दाने भरून काढली आहे. रक्तस्राव फार झाला तर ‘अंगावर जाते’, गर्भाशय खाली उतरले तर ‘अंग बाहेर येते’, आणि उपचारावाचून सोसले तर दुखणे ‘अंगावर काढले’ जाते. संकोचातून आलेली ही योजना लज्जारक्षण करते, पण दुखऱ्या स्थानाचा निर्देश टाळते. याउलट परिभाषाकारांची ‘श्रोणी’ स्थान नेमके दाखविते. परंतु रुग्णेला ती परकी आहे. संस्कृत काव्यात रूपवर्णनासाठी योजिलेला हा शब्द कण्हणाऱ्या स्त्रीच्या तोंडी कसा यावा?

तथापि, मराठी येथे दरिद्री आहे असा निष्कर्ष उतावीळपणाचा ठरेल. तिचे सामर्थ्य नामांत नसून क्रियापदांत व वाक्प्रयोगांत आहे. टाक्यांच्या जागी ‘आग होते’. जखम पू धरू लागली तर ती ‘ठणकते’. ओटीपोटाचा तळ सावरणारे स्नायू दुखावले वा सैलावले तर ‘खाली ओढ लागते’, ‘जड वाटते’. जघनास्थींचा पुढील सांधा ढिला झाला तर पाऊल उचलताना ‘चमक निघते’. माकडहाडास इजा असेल तर बसताना ‘कळ येते’. यांपैकी कोणताही प्रयोग तपासणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु तपासणी कोठून सुरू करावी हे तो सुचवू शकतो.

‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर रूढीने आधीच ठरवून ठेवलेले असते. बसताना, चालताना, खोकताना, लघवीच्या वेळी नेमके काय होते, असे विचारले तर तीच स्त्री विस्ताराने बोलू शकेल, कारण त्यासाठी लागणारी भाषा तिच्यापाशी आहे. म्हणून परिभाषेचे कार्य करणाऱ्यांनी नवी नामे घडविण्यापूर्वी हे प्रयोग बोलीवार टिपून वैद्यकाच्या हाती द्यावेत. ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार भाषेत खुशाल राहो. तो बाळंतिणीचे विधिलिखित मात्र ठरू नये.