मेंदूभोवतीचा जुनाट रक्तस्राव व आघाताचे कारणत्व : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

मेंदूच्या ड्यूरा या जाड आवरणाखाली साचलेल्या व साधारणतः तीन आठवड्यांहून जुन्या रक्तसंचयास 'क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा' म्हणतात. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या मोठ्या गावात एखाद्या वृद्धाची चाल अडखळू लागते, विसरभोळेपणा वाढतो, एक हात लुळा पडतो. तेव्हा घरचे त्यास 'वय झाले' किंवा 'अर्धांगवायू' समजतात. सीटी स्कॅनमध्ये रक्त दिसल्यावर मात्र दोन महिन्यांपूर्वी मोटारसायकलचा लागलेला धक्का आठवतो. त्या आठवणीवर अपघाताच्या भरपाईचा दावा, प्रसंगी फौजदारी गुन्हाही उभा राहतो. म्हणूनच आघाताचे कारणत्व कसे ठरवावे, हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

दोन भूमिका

१८५७ मध्ये रुडॉल्फ फिर्शो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने या विकाराचे मूळ आवरणाच्या दाहात मानले. उलट १९१४ मध्ये विल्फ्रेड ट्रॉटर या इंग्रज शल्यविशारदाने मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा आघाताने फाटतात, असे प्रतिपादन केले. रुग्णास न आठवणारा किरकोळ मारही त्याच्या मते पुरेसा होता. ट्रॉटरच्या मांडणीने मोठी उणीव भरून काढली. परंतु तिच्यात एक धोकाही आहे. न आठवणारा मारही गृहीत धरावयाचा ठरल्यास हे मत खोटे ठरविण्याचा मार्गच उरत नाही.

चर्चा

आजचे ज्ञान या दोन्ही मतांना अर्धा-अर्धा न्याय देते. वार्धक्यात मेंदू आकसतो, शिरा ताणल्या जातात; रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे लहान धक्काही महागात पडतो. सुरुवात बहुधा आघाताने होते. पण पुढे साचलेल्या रक्ताभोवती नवा पापुद्रा तयार होतो, त्यातील नाजूक केशवाहिन्या पुनःपुन्हा झिरपतात व दाह चालू राहतो. या पापुद्र्यास रक्त पुरविणारी रोहिणी बंद केल्यास विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत आढळले. अर्थात, आरंभाचे कारण व टिकून राहण्याचे कारण एकच नसते.

या पुनःपुन्हा होणाऱ्या झिरपण्यामुळेच स्कॅनवरील रक्ताचा रंग पाहून आघाताची नेमकी तारीख सांगणे धाडसाचे ठरते. 'आधी मार, नंतर रक्तस्राव. म्हणून मारामुळे रक्तस्राव' हे अनुमान तर्कदृष्ट्या अपुरे आहे. 'मार आठवत नाही, म्हणून मार नव्हताच' हेही तितकेच अपुरे.

कायद्याने येथे वैद्यकापेक्षा निराळी कसोटी लावली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार आजारी वा अशक्त व्यक्तीस इजा करून तिचा मृत्यू लवकर घडविणारा त्या मृत्यूस कारणीभूत मानला जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये हीच तरतूद आहे. वृद्धाचा आकसलेला मेंदू ही मारणाऱ्याची ढाल ठरू शकत नाही. मात्र इजा झाली होती, हे सिद्ध करावेच लागते.

निष्कर्ष

रक्तस्राव कशाने सुरू झाला, कशाने वाढला आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर तिसऱ्यास आपोआप लागू करणे ही या वादातील मूळ चूक होय. म्हणून पडल्याची तारीख, चालू औषधे व पहिल्या लक्षणाचा दिवस यांची नोंद प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरने केसपेपरवर त्याच वेळी करणे अगत्याचे आहे. दावा उभा राहिल्यानंतर आठवलेल्या तपशिलापेक्षा त्या चार ओळींचे मोल अधिक आहे.