हनीफ कुरेशी यांचा इमला

आजारी लेखकाच्या पुस्तकाविषयी लिहिताना समीक्षकाची लेखणी मऊ होते. ‘एवढ्या यातनांत लिहिले, हेच पुष्कळ’ असे म्हणून पाठ थोपटली जाते आणि पुस्तक न वाचताच बाजूला राहते. हनीफ कुरेशी यांच्या ‘शॅटर्ड’ (२०२४) या पुस्तकाला असे ग्रेसचे गुण देऊ नयेत, असे आम्हांला वाटते.

कुरेशी यांचा जन्म १९५४ साली इंग्लंडमधल्या ब्रॉमलीचा. वडील भारतात जन्मलेले, आई इंग्रज. ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ची (१९८५) पटकथा आणि ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’ (१९९०) ही कादंबरी यांमुळे त्यांचे नाव झाले. २६ डिसेंबर २०२२ रोजी रोममध्ये ते चक्कर येऊन कोसळले. मानेला इजा झाली, हातपाय निकामी झाले. शुद्धीवर आल्यावर समोर सरपटणारी वस्तू आपलाच हात आहे, हेही त्यांना लगेच उमगले नाही. पण ६ जानेवारी २०२३ पासून इस्पितळातल्या खाटेवरून त्यांचे लेखन सुरू झाले. ते सांगत, घरची माणसे उतरवून घेत.

उर्दू शाळांत आम्ही मुलांना ‘इमला’ घालतो, म्हणजे आपण बोलायचे आणि त्यांनी लिहायचे. मराठीत इमला म्हणजे इमारत. कुरेशींच्या बाबतीत दोन्ही अर्थ जुळतात. हाताने लिहिताना लेखक खोडतो, थांबतो, मागे फिरतो. सांगताना मात्र समोर माणूस ताटकळत असतो. त्यामुळे इथली वाक्ये आखूड आणि सरळ झाली आहेत. एनिमापासून परावलंबनापर्यंत सारे ते न लाजता, पुष्कळदा हसत सांगतात. धडधाकट माणसांचा हेवा लपवत नाहीत. ‘सब्र’ शिकवणारे हे पुस्तक नाही, आणि हेच त्याचे बळ आहे.

उणिवाही आहेत. जुन्या प्रसिद्धीच्या आणि मित्रमंडळींच्या आठवणी काही ठिकाणी गप्पांच्या पातळीवर राहतात. तोच सल पुन्हा पुन्हा येतो. इस्पितळातली पाने जितकी धारदार, तितकी ही पाने नाहीत. पण लाडके विषय सोडून ते जेव्हा शेजारच्या खाटेकडे पाहतात, तेव्हा जुना कादंबरीकार जागा होतो.

या पुस्तकामागे आणखी एक कहाणी आहे. कुरेशींच्या वडिलांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या. एकही छापली गेली नाही. त्यांच्यावर मुलाने ‘माय इअर अ‍ॅट हिज हार्ट’ (२००४) लिहिले. आता त्या मुलाचे शब्द त्याचा मुलगा कार्लो उतरवून घेतो, त्यांची जुळणी करतो. आजोबांना वाचक मिळाला नाही. नातू वडिलांचा पहिला वाचक झाला.

लेखक एकटा लिहितो, ही आपली समजूत या पुस्तकाने ढिली होते. लिहिण्यासाठी हात दुसऱ्याचा चालतो. पण काय सांगायचे आणि काय लपवायचे नाही, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. कुरेशींनी ते ठरवले. म्हणून आमची दाद त्यांच्या आजाराला नाही, त्या निवडीला आहे.