‘दत्तक शाळा’ : आधी शब्द तपासा, मग प्रश्न ठरवा

पालघर-बोईसरच्या जिल्हा परिषद शाळा आणि कंपन्या हा विषय घेताय? मग प्रस्तावात ‘आपल्याकडची चार्टर शाळा’ असं लिहू नका. चार्टर म्हणजे करार. अमेरिकेत मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला चार्टर कायदा केला. त्यात चालवणाऱ्याला स्वायत्तता मिळते आणि निकालाची जबाबदारीही. ती पाळली नाही तर करार जातो. महाराष्ट्राची ‘दत्तक शाळा’ योजना तशी नाही. मुळात तो कायदा नाही, १८ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आहे. देणगीदाराने ५ किंवा १० वर्षं वस्तू आणि सेवा द्यायच्या, रोख नाही. कारभारात ढवळाढवळ करायची नाही. शाळेला आपलं नाव मात्र जोडता येतं.

आता शब्द बघा. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात वैध दत्तकविधान रद्द करता येत नाही. इथलं ‘दत्तक’ पाच वर्षांत संपतं! मग जबाबदारी कुणाची?

‘देणगीदार’ही तपासा. ठरावीक नफा, उलाढाल किंवा मालमत्तेच्या वरच्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात, आणि तेही शक्यतो आपल्या परिसरात. कायद्याने करायचा खर्च ‘देणगी’ कसा? तारापूर एमआयडीसीचा ‘परिसर’ जव्हारच्या पाड्यापर्यंत पोचतो का? दर मात्र दोन्हीकडे एकच : ग्रामीण भाग म्हणून ५ वर्षांना ५० लाख. कारण बोईसर दिसायला शहर असलं, तरी तिथे ग्रामपंचायत आहे.

माझ्या मते खरी मेख शेवटच्या शब्दात आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की सरकार, स्थानिक प्राधिकरण ‘किंवा इतर कोणत्याही’ स्रोताकडून आलेल्या अनुदानाच्या वापरावर शाळा व्यवस्थापन समितीने लक्ष ठेवायचं. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पण कंपनीने दिलेले बाक, संगणक ‘अनुदान’ ठरतात का? नाही ठरले, तर पालकांचा हिशेब मागायचा हक्कच लटकतो.

म्हणून मैदानात उतरताना उद्घाटनाचे फोटो नंतर मागा. आधी समितीच्या बैठकांचं इतिवृत्त वाचा. संगणक आल्याची नोंद कुणी केली, आणि बिघडल्यावर तक्रार कुणाकडे गेली? तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.