‘डीपी’ आणि सर्वांत कठोर प्रेक्षक : व्हॉट्सॲपवरील चित्रनिवडीची चिकित्सा

प्रस्तावना

‘डिस्प्ले पिक्चर’ या शब्दजोडीचे ‘डीपी’ हे लघुरूप मराठीत आता पूर्णपणे रुळले आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ‘डीपी’ म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आजही प्रथम विजेचे रोहित्र उभे राहते, ही गोष्ट वेगळी. परंतु तोच शेतकरी मोबाईलवरचा डीपी बदलतो तेव्हा त्याचा काही गोंधळ होत नाही. शब्द रुळला, प्रथाही रुळली. तिच्याविषयी जी चर्चा होते तिचा सूर मात्र बहुधा नीतिबोधाचा असतो. स्वतःचे छायाचित्र लावणारा आत्ममग्न ठरविला जातो, फूल लावणारी भिडस्त, देवाचे चित्र लावणारा भाविक आणि काहीच न लावणारा विक्षिप्त. चित्र म्हणजे ते निवडणाऱ्याच्या मनाचा आरसा, हे या चर्चेचे गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे. डीपीचा अर्थ तो लावणाऱ्याच्या मनात शोधण्याऐवजी तो पाहणाऱ्यांच्या संदर्भात शोधला तर हाती काय लागते, हा येथील प्रश्न आहे. विवेचनासाठी मुख्यतः व्हॉट्सॲप हे एक माध्यम आणि मराठी मध्यमवर्ग हे एक क्षेत्र घेतले आहे. क्षेत्र लहान असले तरी सामग्री विपुल आहे आणि ती रोज प्रत्येकाच्या हातात असते.

नाव पाहणाऱ्याचे, चित्र लावणाऱ्याचे

२००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फेसबुकचा आरंभ झाला, तेव्हा त्याचे नाव अमेरिकन महाविद्यालयांतून प्रचलित असलेल्या विद्यार्थ्यांच्या सचित्र नामावलीवरून घेतले गेले. नाव आणि चेहरा यांची जोडी लावून देणे, हे त्या नामावलीचे काम होते. त्याच वर्षी सुरू होऊन ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद पडलेल्या ऑर्कुटवरही, जेथे भारतीय तरुणांच्या एका पिढीने आपला पहिला ‘प्रोफाईल’ तयार केला, सदस्य आपले नाव, आपली आवडनिवड आणि आपले छायाचित्र स्वतःच नोंदवीत असे.

२००९ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲपची रचना मुळातच निराळी आहे. ते दूरध्वनीच्या संपर्कयादीवर उभे आहे. अनोळखी क्रमांकापुढे दिसणारे, स्वतः नोंदविलेले नाव वगळता येथे व्यक्तीचे नाव तिचे स्वतःचे नसते. ते पाहणाऱ्याने आपल्या फोनमध्ये ठेवलेले असते. एखादी प्राध्यापिका कल्पावी. विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये ती ‘देशमुख मॅडम’ असते, मुलाच्या मित्राच्या घरी ‘सोहमची आई’, नणंदेकडे ‘वहिनी’ आणि सोसायटीच्या चिटणिसाकडे ‘देशमुख ३०४’. ही सारी नावे इतरांनी, आपापल्या नात्यातून दिलेली आहेत. या नामावलीत तिच्या हाती उरते ते केवळ बोटाच्या पेराएवढे एक वर्तुळ.

या वर्तुळात ती मुलाचे गणवेशातील छायाचित्र लावते, तेव्हा तिने स्वतःला पुसून टाकले, असा निष्कर्ष स्त्रीवादी भूमिकेतून काढला जातो. निष्कर्ष चुकीचा नाही, पण घाईचा आहे. ज्या फोनमध्ये ती ‘सोहमची आई’ आहे तेथे ते छायाचित्र नावाशी तंतोतंत जुळते. अपत्याच्या नावाने आईला हाक मारण्याची रीत मराठी घरांत व्हॉट्सॲपहून कितीतरी जुनी आहे. येथे स्त्री झाकली जात नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु झाकण्याचे ते काम चित्राच्या आधी नावानेच पार पाडलेले असते. टीका करावयाची तर ती संपर्कयादीवर करावी लागेल, आणि संपर्कयादी टीकाकाराच्याही खिशात असते.

एकच चित्र, अनेक प्रेक्षक

अशा विषयाच्या चर्चेत अर्व्हिंग गॉफमन यांचा आधार हमखास घेतला जातो. दैनंदिन जीवनातील आत्मसादरीकरणावरील त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. माणूस इतरांसमोर वावरताना रंगमंचावरील नटाप्रमाणे भूमिका वठवितो, हे त्यातील रूपक मराठी अभ्यासकांना परिचित आहे. या रूपकाचा पूर्वार्ध नेहमी उद्धृत होतो. उत्तरार्ध मात्र दुर्लक्षित राहतो. गॉफमन यांच्या मते भूमिका निभावून नेण्यासाठी प्रेक्षकांची विभागणी आवश्यक असते. ज्यांच्यासमोर एक भूमिका करावयाची त्यांनी दुसऱ्या भूमिकेचा प्रयोग पाहू नये, याची व्यवस्था माणूस करीत असतो. महाविद्यालयातील प्राध्यापक आणि गावच्या जत्रेत लेझीम खेळणारा तोच गृहस्थ यांची गाठ पडू नये, एवढे अंतर पूर्वी एस. टी.च्या प्रवासानेच राखले जाई.

डीपीमध्ये ही विभागणी जवळजवळ नाहीशी होते. चित्र कोणाला दिसावे आणि कोणाला दिसू नये हे ठरविता येते. परंतु प्राचार्यांना एक, सासरच्या मंडळींना दुसरे आणि शाळेतील मित्रांना तिसरे चित्र दाखविता येत नाही. सासू, संस्थेचे सचिव, माजी विद्यार्थी, दूधवाला, घरमालक हे सारे एकाच खिडकीतून पाहतात. अशा वेळी चित्र निवडणारा या सर्वांची सरासरी काढीत नाही. त्यांच्यात जो सर्वांत कठोर असेल त्याची कल्पना करून, त्याच्याही नजरेला खटकणार नाही असे चित्र तो निवडतो. गुलाबाचे फूल, मावळता सूर्य, आषाढीच्या सुमारास विठ्ठल, अंगणातील तुळस ही चित्रे इतक्या मोठ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तर सौंदर्यदृष्टीच्या अभावात शोधण्याचे कारण नाही. आक्षेप घेता येणार नाही, हा या चित्रांचा मुख्य गुण होय. त्यांना अभिरुचिहीन म्हणणारा समीक्षक ती कोणाच्या नजरेसमोर टांगली आहेत हे पाहावयास विसरतो.

प्राध्यापकवर्गाचा डीपी हा या दृष्टीने स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा. व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, मागे चर्चासत्राचा अर्धवट दिसणारा फलक. अथवा पदवीदान समारंभातील झगा. अथवा शाल-श्रीफळ स्वीकारतानाचा क्षण. यांपैकी शेवटच्या प्रकारात व्हॉट्सॲपचे वर्तुळ मोठी गंमत करते. सत्कारमूर्ती वर्तुळात राहते आणि सत्कार करणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचा केवळ श्रीफळ धरलेला हात उरतो. तरीही हे चित्र आत्ममग्नतेचे म्हणता येत नाही. ते स्थाननिश्चिती, पदोन्नती आणि संस्थाचालकांची मर्जी यांच्या छायेत निवडलेले असते; येथेही कठोर प्रेक्षक ठरलेला आहे.

स्त्रीचा चेहरा आणि पाहण्याचा अधिकार

स्त्रीचे छायाचित्र कोणी पाहावे, हा प्रश्न भारतात छायाचित्रणाइतकाच जुना आहे. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याचे काम एका युरोपीय स्त्रीकडे सोपविले. छायाचित्रकार स्त्री असावी, एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. तयार झालेले चित्र कोणाच्या हाती जाणार, ही चिंता उरतच होती. विसाव्या शतकात मराठी घरांतील मुलीचे एकटीचे असे पहिले छायाचित्र पुष्कळदा स्थळांना दाखविण्यासाठी काढले जाई. स्टुडिओतील रंगविलेला पडदा, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी, अंगावर आईची साडी. ते छायाचित्र परक्या घरांत जाई आणि नकार आल्यास परत मागविले जाई. परत मागविणे हा रीतीचा भाग होता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. चेहरा दिला तरी तो परत घेता येतो, अशी खात्री त्या व्यवहारात गृहीत होती.

पुढे शासनालाही चेहरा हवा झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी एका आदिवासी स्त्रीला देण्यात आला. ओळखपत्रावरील चेहरा कसा असावा हे शासन ठरविते आणि तेथे फुलाचे चित्र चालत नाही. कदाचित म्हणूनच, जेथे चेहरा न देण्याची मुभा आहे तेथे ती इतक्या आवर्जून वापरली जात असावी.

डिजिटल माध्यमात परत मागविण्याची ती जुनी खात्री उरली नाही. जून २०१७ मध्ये फेसबुकने भारतात छायाचित्रांसाठी संरक्षक कवचाची सोय सुरू केली. चित्राभोवती निळी कडा आणि ढालीचे चिन्ह येई व ते चित्र इतरांना उतरवून घेता येत नसे. चेहऱ्याचा गैरवापर होईल या भीतीने अनेक भारतीय स्त्रिया आपले छायाचित्र लावण्याचे टाळतात, असे कारण कंपनीनेच दिले होते. ही सोय उपयुक्त होती, यात शंका नाही. मात्र कडीकुलूप लावण्याची जबाबदारी तिने स्त्रीवरच टाकली, चोराविषयी ती फारसे बोलली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी उघडकीस आलेल्या ‘बुल्ली बाई’ प्रकरणात, सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या मुस्लीम स्त्रियांची समाजमाध्यमांवरील छायाचित्रे उचलून त्यांच्या लिलावाचा विकृत देखावा एका ॲपवर मांडण्यात आला. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने त्यात अटका केल्या. ज्या स्त्रियांनी आपला चेहरा संकोच न करता लावला होता, त्यांच्याच चेहऱ्यांचा असा वापर झाला.

या घटनेनंतर फुलाच्या डीपीकडे केवळ परंपराशरणता म्हणून पाहणे अवघड होते. त्यात परंपरा असेल, पण हिशेबही आहे. हा हिशेब स्त्रीला करावा लागतो आणि तिच्या बरोबरीच्या पुरुषाला तो सहसा करावा लागत नाही, या विषमतेकडे समीक्षेचा रोख वळावयास हवा.

एक अपवाद

वरील मांडणी एका ठिकाणी अपुरी पडते. आईवडिलांच्या निधनानंतर कित्येक जण त्यांचे छायाचित्र डीपी म्हणून लावतात आणि ते महिनोन्‌महिने बदलत नाहीत. घराच्या भिंतीवर चंदनी हार घातलेल्या तसबिरीचे हे नवे रूप आहे, असे म्हणता येईल. परंतु भिंत घरातच राहते आणि डीपी बोलू लागतो. धाकट्या काकांना सकाळी पुतण्याचा निरोप येतो तो दिवंगत थोरल्या भावाच्या चेहऱ्यासह. हे चित्र कोणत्या प्रेक्षकासाठी आहे, हे सांगता येत नाही. रोलाँ बार्थ यांच्या छायाचित्रणावरील १९८० च्या ग्रंथात दिवंगत आईच्या बालपणीच्या छायाचित्राचे विवेचन अतिशय तन्मयतेने येते, पण ते छायाचित्र ग्रंथात छापलेले नाही. परक्या वाचकाला त्यात काही दिसणार नाही, अशी त्यांची धारणा होती. मराठी पुत्र तेच चित्र भाजीवाल्यालाही दिसेल असे लावतो. यांत अधिक जिव्हाळ्याचे कोणते, हे ठरविण्याच्या भानगडीत समीक्षेने पडू नये.

न बदललेले चित्र

डीपी हा वैयक्तिक निवडीचा भाग राहतो तोवर वरील विवेचन पुरेसे आहे. सर्वांनी एकच चित्र लावावे असे आवाहन होते तेव्हा परिस्थिती पालटते. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २ ते १५ ऑगस्ट २०२२ या काळात नागरिकांनी समाजमाध्यमांवरील आपल्या चित्राच्या जागी तिरंगा लावावा, असे आवाहन पंतप्रधानांनी केले. असंख्य लोकांनी ते आनंदाने आणि मनापासून पाळले. परंतु संपर्कयादीत एकापाठोपाठ एक तिरंगे दिसू लागले की ज्याचे गुलाबाचे फूल तसेच राहिले त्याचे फूलही बोलू लागते. तो विसरला असेल, त्याला चित्र बदलता येत नसेल. तरी पाहणाऱ्यांपैकी जो सर्वांत कठोर आहे तो त्यातून अर्थ काढतोच. आधी निरुपद्रवी असलेले चित्र त्याने हातही न लावता सदोष ठरते.

हा कठोर प्रेक्षक पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो. जून २०२३ मध्ये औरंगजेबाचे चित्र डीपी म्हणून ठेवल्यावरून नवी मुंबईत एका इसमाविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप स्टेटसवरून कोल्हापुरात हिंसाचार उसळला. स्टेटस आणि डीपी यांत भेद आहे. स्टेटस चोवीस तासांनी विरते आणि डीपी टिकतो. दोहोंच्या वाचनाची रीत मात्र तीच आहे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०२४ चा निर्णय प्राध्यापकवर्गाने मुळातून वाचण्यासारखा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या दिवसांत, म्हणजे नेमक्या तिरंग्याच्या पंधरवड्यात, ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा देणारे मजकूर व्हॉट्सॲपवर ठेवले होते. पालक व शिक्षक हा त्याचा वाचकवर्ग होता. भारतीय दंडविधानाच्या कलम १५३-अ खाली त्याच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो रद्द केला. त्यासाठी ज्या कसोटीचा आधार घेतला गेला ती स्वातंत्र्यपूर्व काळात नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात घालून दिलेली होती. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यशील माणसाच्या मापाने जोखावा. दुबळ्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे, असा तिचा आशय आहे.

साहित्यसमीक्षा ज्याला अभिप्रेत वाचक म्हणते, त्याचीच ही कायद्यातील आवृत्ती होय. न्यायालयाने निवडलेला वाचक हा डीपी निवडणाऱ्याच्या मनातील प्रेक्षकाच्या नेमका विरुद्ध टोकाला उभा आहे. त्या प्राध्यापकाला हा वाचक मिळण्यास ऑगस्ट २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ लागला आणि तो दिल्लीत मिळाला. पालक-शिक्षकांच्या गटात रोज सकाळी हजर असतो तो दुसरा.