काखेत दाटणारा डगला

माजी सैनिकांच्या आठवणींचे पुस्तक किंवा पलटणीची एखादी स्मरणिका हाती आली, की मी आधी तिच्यात कोट शोधतो. वाचकांना ही खोड चमत्कारिक वाटेल. पण लढाईविषयी बोलू लागला की आमचा जुना शिपाई नकळत दुसऱ्याची भाषा बोलतो, असा माझा अनुभव आहे. शौर्य, बलिदान, मातृभूमी हे शब्द त्याने समारंभांतून इतक्यांदा ऐकलेले असतात, की त्याची स्वतःची लढाई त्यांच्याखाली बुजून जाते. कोटावर मात्र कोणी भाषण केलेले नसते. तेथे तो स्वतःचे बोलतो.

सीताराम पांडे या कंपनी सरकारच्या सुभेदाराचे आत्मकथन १८७३ साली नॉर्गेट नावाच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत प्रसिद्ध केले. ते खरोखरच शिपायाचे की साहेबाने रचलेले, यावर पंडितांत वाद आहे. मला त्यातील लढायांनी काही पटवले नाही. पटवले ते एका बारीक तक्रारीने. लाल डगला पुढून उघडा असला तरी काखेत दाटे, आणि डोक्यावरच्या जड टोपीने डोके दुखे, असे तो सांगतो. लढाई साहेबालाही रचता येते. काखेतला काच त्याला कोठून सुचणार? त्याचा डगला मापाने शिवलेला असे!

ब्रिगेडिअर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे १९६९ सालचे पुस्तक याच्या अगदी उलट. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू नदीकाठी त्यांचे जवान हिमालयाच्या थंडीत सुती कपड्यांनिशी आणि कॅनव्हासच्या बुटांनिशी उभे होते. तेथे कोट नाही, कोटाचा अभाव आहे, आणि त्या अभावाचा संताप पुस्तकभर धगधगतो. पुस्तक थोर आहे, यात शंका नाही. तथापि ते अंमलदाराचे आहे. शिपायाच्या अंगाला ती थंडी कशी लागली, ते त्याच्याच तोंडून ऐकायला हवे.

आणि ते ऐकायला आमच्या तळकोकणात फार हिंडावे लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निराळा झाला. त्याआधीचा अखंड रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबई इलाख्याच्या फौजेचे जुने भरतीचे आगर. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीचे नावच मुळी ‘काळी पांचवी’. तिच्या लाल डगल्याची कॉलर व कफ काळे असत, त्यावरून हे नाव पडले. पुढे लाल गेला, खाकी आला, स्वातंत्र्यानंतर हिरवा आला. काळी कॉलर नावात तेवढी राहिली.

मालवणच्या दमट हवेत लोकरी कोटाचे काय काम, असे कोणी विचारील. पण शेतात रानडुकरे राखायला माळ्यावर बसायचे, तर रात्री तोच अंगावर. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, दसऱ्यानंतर तो उन्हात पडतो, आणि त्याच्या निमित्ताने गोष्टी निघतात. फौजेच्या कोठारात नावेसुद्धा उलटी: कोट पारका, शर्ट अंगोला. एक पेन्शनर सुभेदार आजही घरी तसेच बोलतात आणि सुना हसतात. ‘काखेत दाटता हो, पण काय करतलंव?’ असे ते मला आपल्या जुन्या कोटाविषयी म्हणाले, तेव्हा मला सीतारामाची आठवण झाली. यंदा फराळाला घरी असे कोणी आजोबा असतील, तर त्यांना लढाई विचारू नका, कोट विचारा.

मला भेटलेली सर्वांत चांगली आठवण एका निवृत्त महार हवालदारांची. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी तिच्याविरुद्ध अर्ज केला. १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच, १९२१ मध्ये, मोडली गेली. हवालदारांचे आजोबा त्याच पलटणीतले. ते रजेवर येत, त्याचे वर्णन नातू एकाच वाक्यात करतो : ‘आजो शिवेर इलो की डगलो काढी, घडी करी नि काखेत मारी.’ एवढेच. कोणी काढायला लावला, न काढला तर काय होई, यातले एक अक्षर नाही. अपमान हा शब्दही नाही. एखाद्या कसलेल्या कथाकाराने येथे दोन पाने खर्ची घातली असती आणि बहुधा सारे बिघडवले असते.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौसेना दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला. ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील चिन्हांना शिवछत्रपतींच्या राजमुद्रेपासून प्रेरणा घेऊन नवे रूप देण्याची घोषणा तेथेच झाली. महिनाअखेर ती अष्टकोनी चिन्हे आलीही. सुंदर आहेत. त्यांच्यावर लेख पुष्कळ झाले, होतील. खांदा दिसतो, काख दिसत नाही.

हवालदारांची आठवण मी एका स्मरणिकेकडे पाठवली होती. अंक आला. आजोबांचे पदक छापले होते, पलटणीचे नाव होते, वर ‘वीरांना मानवंदना’ असा मथळा होता. ते एक वाक्य तेवढे जागेअभावी गळले होते. हवालदारांनी चष्मा लावून पान शेवटपर्यंत वाचले, उलटून पाहिले आणि मला विचारले, ‘डगल्याचां कित्याक छापूक नाय?’