चित्रफीत झाली, पाठ राहिला

पेणला गणपतीच्या कारखान्यांत घरच्या मोठ्यांबरोबर वावरणारी मुले शाळेत असतात. त्यांतील एखाद्याला विचारा, "प्लास्टर पाण्यात कालवले की काय होते?" तो सांगेल, "गरम होते आणि थोड्या वेळात घट्ट होते." आता विचारा, "घट्ट का होते?" उत्तर बहुधा येईल, "वाळते म्हणून."

हे उत्तर चूक आहे. जिप्सम या खनिजात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात. ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते व प्लास्टर ऑफ पॅरिस उरते. आपण पाणी घालतो तेव्हा प्लास्टर ते परत घेते, उष्णता बाहेर पडते आणि जिप्समचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतून गोळा कडक होतो. म्हणजे प्लास्टर घट्ट होते ते पाणी घेऊन. शाडूचे उलट असते. शाडू पाणी गमावून वाळतो आणि पुन्हा भिजवला की चिखल होतो.

मुलाच्या हाताला उष्णता लागलेली आहे, तरी डोक्यात "वाळते" हेच आहे. वर्गात शिक्षकाला हे चटकन कळते, कारण मूल समोर बसलेले असते. पण हाच पाठ पेणच्या शिक्षकाने तयार केला आणि रोहा तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या मुलीने तो फोनवर पाहिला, तर तिची चूक कोण पकडणार? दूरशिक्षणाची खरी अडचण ही आहे. म्हणून शिक्षकांना ऑनलाइन पाठ तयार करायला शिकवणारे कोणतेही प्रशिक्षण याच प्रश्नावर तपासले पाहिजे.

आपल्याकडे अशा प्रशिक्षणांची गर्दी झाली ती २०२० नंतर. त्याआधी २०१७ साली 'स्वयम्' आणि 'दीक्षा' ही दोन राष्ट्रीय व्यासपीठे सुरू झाली होती. २०२० च्या ऑक्टोबरपासून 'निष्ठा' हे सेवांतर्गत प्रशिक्षणही 'दीक्षा'वर ऑनलाइन आले. त्या घटकांत मजकूर, चित्रफिती, कृती व प्रश्न होते. परंतु कामाच्या धबडग्यात पुष्कळ शिक्षकांना त्यातून एकच गोष्ट उरली : घटक उघडायचे, शेवटपर्यंत न्यायचे आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. याचा परिणाम आपण समजतो त्याहून खोल आहे. शिक्षक स्वतः जसा शिकतो तसाच तो शिकवू लागतो. पाठ म्हणजे चित्रफीत आणि शिकणे म्हणजे ती संपवणे, अशी समजूत त्यातून रुजते.

पुढे पाठ तयार करण्याची प्रशिक्षणे आली, तेव्हा त्यांनीही बहुतेक हाच धागा उचलला. अशा एका पाच दिवसांच्या वर्गात मी साधनव्यक्ती होतो. आखणीत माझाही हात होता, तेव्हा दोष माझ्याही पदरी आहे. पडद्याचे ध्वनिचित्रमुद्रण कसे करावे, आवाज स्वच्छ कसा करावा, पार्श्वसंगीत कसे घालावे, यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी प्रत्येकाची चित्रफीत पाहिली. एका शिक्षिकेने सहज विचारले, "सर, यात मुलाने काय करायचं?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मी नमुना म्हणून केलेली बारा मिनिटांची चित्रफीत प्लास्टरवरच होती. तिच्यात विद्यार्थ्याला विचारलेला एकही प्रश्न नव्हता.

हे कौशल्य आंतरजालाबरोबर आलेले नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. मुक्त विद्यापीठाचे पुस्तक साध्या पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळे लिहावे लागते. या घटकानंतर तुम्हाला काय करता येईल हे सुरुवातीला सांगायचे, मध्ये थांबवून प्रश्न विचारायचा आणि उत्तर ताडून पाहण्याची सोय ठेवायची. बोर्ये होल्मबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने दूरशिक्षणाला मार्गदर्शित संवाद म्हटले, तेही याच अर्थाने. छापील पानावर शिक्षक बोलतो आणि विद्यार्थ्याचे उत्तर काय येईल याचा आधीच अंदाज बांधून पुढचे वाक्य लिहितो. हे जमायला संगणक लागत नाही. विद्यार्थी कुठे अडखळतो याची माहिती मात्र लागते.

प्रशिक्षण चांगले होऊ शकते याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रम आखण्याचा एक विद्यार्थिकेंद्री आराखडा तयार केला आणि त्याचे प्रशिक्षण महाविद्यालयीन शिक्षकांना दिले. त्याचे भाग चार. पहिला, छोटी चित्रफीत. पण तिच्यात मध्येच थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावणारा प्रश्न असलाच पाहिजे. दुसरा, करून पाहण्याचा सराव. उत्तर चुकले तर का चुकले हे सांगणारा प्रतिसाद त्यासोबत हवा. तिसरा, ज्याला जे कमी पडते वा अधिक हवे आहे त्याप्रमाणे पुढचे साहित्य. चौथा, विद्यार्थ्यांची आपसांतली, ठरावीक प्रश्नावरची चर्चा. इथे चित्रफीत चारांतील एक आहे आणि तीही प्रश्नाशिवाय अपुरी. "यात मुलाने काय करायचं?" या प्रश्नाला या आराखड्यात प्रत्येक पायरीवर उत्तर आहे.

तरीही तो जसाच्या तसा पेण-रोह्याच्या शाळांना लागू करता येणार नाही. तो प्रौढ विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्यातली चर्चा चालायला सतत जोडणी लागते. आपल्याकडचा अनुभव आठवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले आणि दक्षिण रायगडातील कित्येक गावांची वीज दीर्घकाळ गेली. शाळा बंद, म्हणून फोनवर शिकवायचे. आणि फोनला वीजच नाही! डोंगरातील काही वाड्यांवर वादळ नसतानाही फोनला रेंज धड मिळत नाही. दहा मिनिटांची चित्रफीत उतरवायला काही डझन मेगाबाइट लागतात. तोच पाठ प्रश्नोत्तरांसह लिहिला तर शंभर किलोबाइटांत बसतो आणि एका कागदावरही छापता येतो. पाठ करणाऱ्या शिक्षकाला हा हिशेब पहिल्याच दिवशी करायला लावला पाहिजे.

दुसरी उणीव 'मुक्त' या शब्दाची आहे. फुकट मिळते ते मुक्त, असे प्रशिक्षणातही सांगितले जाते. मुक्त शैक्षणिक साधने ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ सालच्या बैठकीतून आली. साहित्य वापरण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची परवानगी त्यात अभिप्रेत आहे. यातली बदलण्याची परवानगी आपल्याला सर्वांत मोलाची. जलचक्राच्या सर्वसाधारण पाठात नदीला पाणी पावसाचे, असे असते. पण कोलाडजवळ कुंडलिकेला भर उन्हाळ्यातही पाणी चढते. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या अलीकडे आणून भिरा येथे वीज तयार करतात व नंतर ते कुंडलिकेत सोडतात. हे पाणी एरवी मुळा, भीमा, कृष्णा असे बंगालच्या उपसागराला गेले असते. रोह्याच्या शिक्षिकेला मूळ पाठात ही भर घालता आली, पुलावरून पाणी पाहून वेळा टिपण्याची कृती जोडता आली, आणि तो पाठ पुन्हा इतरांना देता आला, तरच तो मुक्त. त्यासाठी परवाना वाचायला व आपल्या पाठावर तो लिहायला शिकवावे लागते. प्रत्यक्षात कुणाचीही चित्रे उचलून चिकटवली जातात. असा पाठ उघडपणे पुढे देता येत नाही आणि मेहनत एका वर्गापुरतीच राहते.

मग प्रशिक्षण कसे असावे? यंत्रसामग्री शेवटच्या दिवशी शिकवावी. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या वर्गात हमखास येणारे एक चुकीचे उत्तर आणावे. दुसऱ्या दिवशी ती चूक मुलाला स्वतःच कळेल अशी एक कृती आखावी. प्लास्टरचेच पाहा. दोन पिशव्या घ्या. एकीत ओल्या शाडूचा लहान गोळा ठेवा, दुसरीत नुकतेच कालवलेले थोडे प्लास्टर. दोन्हींची तोंडे घट्ट बांधा. तासाभराने काय होईल ते आधी लिहा, मग पिशव्या दाबून पाहा. पाणी जायला वाट नसताना प्लास्टर घट्ट होते आणि शाडू मऊच राहतो. "वाळते" म्हणणारा इथे अडखळतो, आणि त्याच्यासाठी पुढचा परिच्छेद आधीच लिहून ठेवलेला असतो. हात प्लास्टरात बुडवून ठेवू नये, मोठ्या गोळ्याच्या उष्णतेने भाजू शकते, ही सूचनाही लिहावी लागते; कारण ओरडून थांबवायला शिक्षक तिथे नसतो.

तिसऱ्या दिवशी हा पाठ शिक्षक समोर नसताना एका खऱ्या मुलाला द्यावा, तो काय लिहितो ते पाहावे आणि पाठ दुरुस्त करावा. चौथ्या दिवशी तो दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकाने आपल्या गावासाठी बदलावा. उरलेल्या दिवशी खुशाल ध्वनिमुद्रण शिकावे. प्रमाणपत्र द्यायचेच असेल, तर चित्रफितीच्या लांबीवर न देता पहिल्या व दुरुस्त केलेल्या पाठातील फरक पाहून द्यावे.

शिक्षकमित्रांना एक विनंती. अशा प्रशिक्षणाचे पत्र आले की त्यातील वेळापत्रक वाचा. विद्यार्थ्याचे उत्तर पाहण्यासाठी त्यात एकही तास नसेल, तर तो मागून घ्या. पाच दिवस तुमचे जाणार आहेत, आणि पाठ अखेर त्या वाडीवरच्या मुलीला एकटीने वाचायचा आहे.